घोंगडीचा पांढरा पट्टा

मित्रांनो, विमानात बसलेली घोंगडी तुम्ही कधी पाहिली आहे का? नसेलच पाहिली. ती मी. काळी, जाडजूड, खरखरीत आणि अंगाला टोचणारी जुनी घोंगडी. माझे वय चौदा पावसाळे आणि वजन तीन किलो. जन्म आटपाडीकडच्या माळावरचा. आमच्या घराण्यात परदेश पाहिलेली मी पहिलीच, त्यामुळे थोडी शेखी मिरवली तर राग मानू नका.

माझा स्वभाव चौकस आहे. घोंगडीचे अर्धे आयुष्य पडून राहण्यात जाते. बोलता येत नाही, मग कान उघडे ठेवायचे. कोण कुठून आले, कुठे निघाले, कशाला निघाले, हे सगळे मला हवे असते. पण सर्वांत जास्त कुतूहल मला माझ्याच अंगाबद्दल होते. मी काळीभोर आहे, पण माझ्या एका काठाला चार बोटे रुंदीचा एक पांढरा पट्टा आहे. दुसऱ्या काठाला नाही. हा पट्टा कशासाठी? चौदा वर्षे मला हे कोडे पडले होते. ते कसे सुटले, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझा मालक अर्जुना. त्याच्याकडे तेव्हा दीडशे मेंढ्या होत्या. दिवाळीनंतर त्याने त्यांची लोकर कातरली. त्याची बायको सुलाबाई हिने मेंढरांमागे चालता चालता टकळीवर तिचे सूत काढले. ते सूत घेऊन अर्जुना विणकर कोंडीबाकडे गेला. कोंडीबाने जमिनीतल्या खड्ड्यात मांडलेल्या मागावर मला विणले आणि चिंचोक्याची खळ पाजून उन्हात ताठ केले. चिंचोक्यांमुळेच माझ्यातून पाणी लवकर झिरपत नाही. विणताना अर्जुनाने एक वेगळे पुडके पुढे केले. त्यात पांढरे सूत होते.

"ह्ये काठाला घाल," तो म्हणाला.

"दोन्हीकडं घालू का?" कोंडीबाने विचारले.

"न्हाई. एकाच. तेवढंच हाय."

बस्स, एवढेच. कोंडीबाने पुढे विचारले नाही आणि अर्जुना आपणहून सांगणाऱ्यांतला नाही. त्याच्या तोंडून चार वाक्ये काढायची म्हणजे आडातून पाणी शेंदण्याइतके कष्ट. मी मागावर ताणलेली. मी काय विचारणार?

पुढची सहा वर्षे मी खूप कामाची होते. दिवाळी झाली की कळप घेऊन अर्जुना आणि त्याचा जिवलग मित्र बिरदेव फलटणच्या बाजूला उतरत. तिथे उसाच्या मोकळ्या रानात मेंढ्या बसवायच्या, म्हणजे रानाला खत मिळते आणि मेंढ्यांना चारा. ते रान नानासोचे. नानासो तेव्हा फौजेत होता. सुटीवर आला की तो घरात कमी आणि आमच्या तळावर जास्त असे. तिघे माझ्यावर बसत. मी त्यांचे हसणे ऐकले, भांडणेही ऐकली. पावसाची सर आली की अर्जुना माझी खोळ करून डोक्यावर घेई. नुकते जन्मलेले कोकरू माझ्यात गुंडाळून त्याने किती मैल चालून काढले असतील, त्याचा हिशेब नाही. बिरोबाच्या जत्रेत माझ्यावर भंडारा उधळला जाई. त्याचा पिवळा डाग अजून माझ्या एका कोपऱ्यात आहे.

मग कुरणे कमी झाली आणि अर्जुनाचे गुडघे दुखू लागले. आठ वर्षांपूर्वी त्याने कळप विकला आणि डाळिंबाची बाग लावली. बाग छान आली. पण बागेला घोंगडी कशाला लागते? मी आधी ट्रॅक्टरच्या सीटवर गेले, मग ज्वारीच्या पोत्यांवर आणि शेवटी कपाटाच्या वर. तिथे दोन उंदीर, एक बंद पडलेला मिक्सर आणि मी. मिक्सरला कशाचेच कुतूहल नव्हते. ती वर्षे मला फार जड गेली.

याच काळात घरात एक मोठी गोष्ट घडली. अर्जुनाची नात पल्लवी डॉक्टरकीच्या शिक्षणासाठी किर्गिझस्तान देशातल्या बिश्केक शहरात गेली. दुसऱ्या वर्षी तिने फोन केला, "आबा, तुम्ही या ना इकडे. डोंगर बघा, बर्फ बघा." अर्जुना नुसता हुं म्हणाला. पण ही बातमी बिरदेवच्या कानावर गेली, त्याच्याकडून फलटणला नानासोकडे गेली आणि महिन्याभरात तिघांचे पासपोर्ट तयार झाले. पेन्शनीत आलेला नानासो म्हणाला, "मी लेह-लडाखमधी काढलीत वर्सं. थंडीचं माझ्यावर सोडा."

निघायच्या आदल्या दिवशी सुलाबाईने मला कपाटावरून काढले, उन्हात झटकले आणि नवऱ्याच्या हातात दिले. तिला गुडघ्यांमुळे जाता येणार नव्हते.

"आवं, ही पल्लवीला देऊन यायची. परत आणलीसा तर तुमीबी उंबऱ्याभायेरच ऱ्हावा."

अर्जुनाने मान हलवली. मग त्याचा अंगठा त्या पांढऱ्या पट्ट्यावरून फिरला. मला ते कळले, आणि माझे कुतूहल पुन्हा जागे झाले.

विमानतळावर एका साहेबाने मला यंत्रातून काढले, उलटसुलट केले, हुंगले आणि शिंकला. "ये क्या है?" त्याने विचारले. "कंबल है साब, एकदम देसी," नानासो सलाम ठोकून म्हणाला. साहेबाने मला सोडले. विमानात मी अर्जुनाच्या मांडीवर होते. खिडकीतून खाली ढग दिसत होते, कातरून रानात पसरलेल्या लोकरीसारखे. मनात आले, ही लोकर कोण कातरत असेल?

बिश्केकला पहिल्याच दिवशी अर्जुनाने मला पल्लवीपुढे धरले. "थंडी हाय हितं. ऱ्हाऊ दे तुला," एवढेच तो बोलला. पट्ट्याचे नाव नाही, कशाचे नाही.

पल्लवी वाईट मुलगी नाही. पण तिच्या खोलीत आणखी दोघी मुली राहतात आणि त्यांच्या चादरी गुलाबी आहेत. तिने मला हातात घेतले, नाकाजवळ नेले आणि हळूच परत दिले. "आबा, ही टोचते हो. आणि वास येतो. खोलीत हीटर आहे ना आमच्या. तुम्ही न्या परत, तुम्हाला लागेल."

अर्जुनाने मला घडी करून पिशवीत ठेवले. मला राग आला नाही असे म्हटले तर खोटे होईल. वास मलाच येतो होय? पण अर्जुनाच्या हातांकडे पाहून माझा राग विरघळला. त्या हातांनी घडी तीन वेळा मोडली आणि तीन वेळा घातली.

आठवडा फिरण्यात गेला. तिघांनी मोठा चौक पाहिला, सरोवर पाहिले, घोडीचे आंबट दूध चाखले आणि बिरदेवने ते हळूच कुंडीत ओतले. रोज सकाळी अर्जुना मला पिशवीतून काढी, पल्लवी येताना दिसली की पुन्हा आत ठेवी. असे करता करता शेवटचा दिवस उजाडला.

विमान संध्याकाळचे होते. नानासोने सकाळीच सगळ्यांच्या बॅगा भरून दाराशी ओळीने लावल्या. "चार वाजता रिपोर्टिंग. एक मिनिट इकडं न्हाई, एक मिनिट तिकडं न्हाई," त्याने हुकूम सोडला. पण बिरदेव काही बॅगेकडे बघायला तयार नव्हता.

"पोरी, आट दिस झालं, समदं दाखवलंस. मेंढरू एकबी दाखवलं न्हाईस. ह्या देशात मेंढरं लय असत्यात म्हनं. मेंढरं न बघता घरी गेलो तर गावात काय सांगू?"

पल्लवी हसली. तिने गाडी ठरवली आणि दोन तासांवरच्या डोंगरातल्या कुरणाकडे आम्ही निघालो. वर गार वारा होता, म्हणून अर्जुनाने मला खांद्यावर टाकले. त्या देशात मी पहिल्यांदाच उघड्यावर आले होते. हिरवागार उतार, मागे बर्फाचे डोंगर, एक गोल पांढरा तंबू आणि तीन-चारशे मेंढ्या. माझ्या अंगातला धागा न् धागा ताठ झाला.

अर्जुना गाडीतून उतरला आणि जागच्या जागी थबकला.

"बिरदेवा, आरं ह्या मेंढरांच्या मागं बघ रं!"

बिरदेवने पाहिले. प्रत्येक मेंढीच्या मागच्या बाजूला, शेपटीच्या जागी, मोठे गाठोडे बांधल्यासारखा गोळा लोंबत होता.

"आयला! सूज हाय गड्या. समद्या कळपाला लागलीया," बिरदेव म्हणाला.

आता मेंढरू आजारी दिसले की या दोघांना काही सुचत नाही. देश कोणता, कळप कोणाचा, हे डोक्यात येतच नाही. अर्जुनाने तोंडाने हुर्र हुर्र करून मेंढ्यांना बोलावले. एकही आली नाही. त्यांना आमची हाक कशी कळावी? मग गुडघ्यांचे दुखणे विसरून तो धावला, त्याने एका मेंढीचा मागचा पाय पकडला आणि तिला खाली बसवले. बिरदेवने खिशातली भंडाऱ्याची पिशवी काढली आणि त्या गोळ्यावर मूठभर हळद चोळली. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" तो ओरडला. नानासोने टोपी सरळ करून तंबूच्या दिशेने हाक दिली, "ओ मालिक! जानवर बीमार है!"

तंबूतून एक म्हातारी बाई धावत बाहेर आली. तिच्या डोक्याला रंगीत रुमाल होता. आपली मेंढी पिवळी झालेली पाहून ती जोरजोरात बोलू लागली. पल्लवीचा चेहरा लालबुंद झाला. "आबा, सोडा तिला! काय करताय तुम्ही!" ती ओरडली आणि म्हातारीची मनधरणी करू लागली. पल्लवीला तिकडची रशियन भाषा येते. दोघी बराच वेळ बोलल्या. आणि मग म्हातारी जी हसू लागली, ती हसून हसून गवतात बसलीच.

"आजार नाहीये तो," पल्लवी कपाळाला हात लावून म्हणाली. "इथल्या मेंढ्या अशाच असतात. ती चरबी आहे. हिवाळ्यात चारा मिळत नाही तेव्हा त्यावर जगतात त्या."

तिघे म्हातारे एकमेकांकडे पाहू लागले. अर्जुनाने हळूच मेंढीचा पाय सोडला. मग त्याने जे केले ते मला फार आवडले. तो खजील होऊन मागे सरला नाही. त्याने म्हातारीला हात जोडले आणि विचारले, "किती दिस पुरती ही चरबी? आन् व्यायला अवघड जात न्हाई का?" आठ दिवसांत त्याच्या तोंडून एवढे शब्द पहिल्यांदाच निघत होते.

म्हातारीचे नाव आयगुल. तिने सगळ्यांना तंबूत नेले, चहा दिला. बिरदेवने तासगावच्या लेकीकडचे बेदाणे काढून तिच्या पुढ्यात ठेवले. प्रश्नांवर प्रश्न सुरू झाले. कातरणी वर्षातून किती वेळा? लांडगा येतो का? पल्लवी मध्ये बसून इकडचे तिकडे आणि तिकडचे इकडे सांगत होती. तिचाही लाल चेहरा निवळला होता.

मग आयगुलची नजर माझ्यावर पडली. तिने मला मांडीवर घेतले. मित्रांनो, ते हात मला परके वाटलेच नाहीत. लोकर ओळखणारे हात सगळीकडे सारखेच असतात. तिने मला हुंगले. नाक मुरडले नाही, डोळे मिटले. मग पल्लवीला काहीबाही विचारले, ते पल्लवीने मराठीत सांगितले, "हे सूत कोणी कातले? ताठ कशाने केले? किती मेंढ्यांची लोकर आहे?"

पल्लवीला एकही उत्तर देता आले नाही. ती प्रत्येक वेळी "आबा?" म्हणून आजोबाकडे वळत होती. सूत आजीने काढले, हे तिला त्या दिवशी, त्या परक्या डोंगरावर समजले. ऐकता ऐकता तिने माझा एक कोपरा हातात घेतला होता. बहुतेक तिला ते कळलेही नव्हते.

शेवटी आयगुलने उठून एक सुंदर नमदा आणला. लोकर भिजवून, दाबून केलेला, लाल-निळ्या नक्षीचा. तो तिने अर्जुनापुढे ठेवला आणि माझ्याकडे बोट केले.

"त्या म्हणतात, हा घ्या आणि घोंगडी मला द्या," पल्लवी म्हणाली.

माझा श्वास अडकला. म्हणजे, घोंगडीला असतो तेवढा.

"दे की गड्या," नानासो घड्याळ बघत म्हणाला. "पोरीला नगं हाय. परत न्हेलीस तर वैनी उंबऱ्याभायेर ठिवत्याली. हितं निदान धनगराच्या घरात ऱ्हाईल. बोल लवकर, दीड वाजला."

बोलणे अगदी बरोबर होते. अर्जुनाने मला उचलून आपल्या मांडीवर घेतले.

"न्हाई. मला न्हाई देता यायची," तो म्हणाला. "माझी न्हाई ती."

"मग कुणाची?" बिरदेवने विचारले.

"पल्लवीची."

"आबा, पण मी तर नको म्हटलं होतं," पल्लवी गोंधळून म्हणाली.

"तू नगं म्हटलीस म्हून काय झालं? तुझी हाय ती तुझीच." अर्जुनाने मला उलगडले आणि काठावर बोट ठेवले. त्या पांढऱ्या पट्ट्यावर! "पोरगी जल्मली की तिच्या नावानं एक कोकरी राखून ठिवायची, ही आपली रीत हाय. ती कोकरी पोरीची. तिची पिल्लंबी पोरीची. तू झालीस तवा तुझ्या नावानं ढवळी ठिवली हुती."

"ढवळी?" पल्लवीचा आवाज बदलला. "जिच्या पाठीवर मी बसायचे ती?"

"तीच. ही तिची लोकर. एका मेंढीची, म्हून एकाच काठाला पुरली. म्हटलं, म्होरं मेंढरं ऱ्हात्याल न्हाई ऱ्हात्याल, पोरीला तिच्या मेंढीची लोकर तरी असू दे."

 मी तर गारच झाले. चौदा वर्षे जे कोडे मला सुटत नव्हते, त्याचे उत्तर हे होते तर! मी अर्जुनाची कधी नव्हतेच. तो माझा राखणदार होता.

"कळप विकला तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं, ढवळी कुठे आहे म्हणून," पल्लवी म्हणाली. "मी तेव्हा बारा वर्षांची होते. दोन दिवस जेवले नव्हते. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, आबा."

अर्जुनाने मान खाली घातली.

"काय बोलणार, बाळ? तुझं मेंढरू तुला न इचारता इकलं. कळपाबरूबर गेलं. तवापासनं मनात सलतंय. म्हून म्हटलं, ही एवढी तरी तुझ्या हातात पडू दे."

आयगुलला आमची भाषा कळत नव्हती, पण काहीतरी झाले आहे हे तिला समजले होते. तिने पल्लवीचा गुडघा हलवून विचारले, "काय म्हणाले ते?"

  पल्लवीने मला दोन्ही हातांनी ओढून छातीशी धरले आणि त्या भाषेत दोनच शब्द बोलली. मला ती भाषा येत नाही. पण त्या दोन शब्दांचा अर्थ सांगायला मला दुभाषी लागला नाही. ही माझी आहे.

आयगुलने मान डोलावली आणि नमदा परत उचलला. निघताना तिने अर्जुनाच्या ओंजळीत मूठभर कोरी लोकर दिली आणि खुणेने सांगितले, सूत काढणारीला द्या. अर्जुनाने ती धोतराच्या सोग्यात बांधली. नानासोने दोनदा हॉर्न वाजवायला लावला, पण स्वतः डोळे पुसत होता म्हणून तिसऱ्यांदा वाजला नाही.

विमानतळावर आम्ही चार वाजून दहा मिनिटांनी पोचलो. त्या दहा मिनिटांबद्दल नानासो कोणालाच काही बोलला नाही. पल्लवीला सोडून तिघांना आत जायचे होते.

"आबा, खोळ कशी करायची दाखवा ना," पल्लवी म्हणाली.

तिथे, त्या चकचकीत फरशीवर, शंभर माणसांच्या समोर, अर्जुनाने माझा कोपरा दुमडला, वरून घडी पाडली आणि मला नातीच्या डोक्यावर ठेवले. पांढरा पट्टा बरोबर तिच्या कपाळावर आला. माणसे वळून वळून पाहत होती. पल्लवीने बघू दिले.

"टोचती का?" अर्जुनाने विचारले.

"टोचते," ती म्हणाली. "टोचू दे."

मग त्याने सुलाबाईला फोन लावला. पलीकडचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "आवं, दिली का घोंगडी?"  "म्या न्हाई दिली," अर्जुना म्हणाला. "तिची हुती, तिनं घेतली."  मग सुलाबाई म्हणाली, "या मग आता घरी."

ते तिघे काचेच्या दारापलीकडे गेले. अर्जुनाच्या खांद्यावर मी नव्हते. त्याचा हात दोनदा खांद्याकडे गेला, मला चाचपायला. मला रडू आले, मित्रांनो. लोकर ओली झाली की जड होते. त्या संध्याकाळी पल्लवीने मला खोलीपर्यंत नेले तेव्हा माझे वजन तीन किलोंहून नक्कीच जास्त होते.

आता मी बिश्केकमध्येच असते, गुलाबी चादरींच्या शेजारी. कधी मला खिडकीतले ऊन मिळते, कधी परीक्षेच्या दिवसांत पल्लवीचे खांदे. माझी तुम्हाला एकच विनंती आहे. तुमच्याही घरात कपाटावर एखादी जुनी वस्तू पडली असेल. तिला झटका, ऊन दाखवा, वापरा. पण त्याआधी घरातल्या मोठ्या माणसांना तिच्याबद्दल विचारा. ती माणसे आपणहून सांगत नाहीत. वाट बघत बसतात, चौदा चौदा वर्षे.

परवा पल्लवीच्या मैत्रिणीने माझ्यावरून हात फिरवला आणि विचारले, "सगळी काळी, मग हा एक पट्टा पांढरा का गं?" पल्लवीने पुस्तक मिटले, मला मांडीवर ओढले आणि सांगायला सुरुवात केली, "मी जन्मले ना, तेव्हा माझ्या आबांनी..."

मला सगळे ठाऊक आहे. तरी मी कान टवकारले.